मॅट लिपस्टिक नळीतच घट्ट होते, त्याचं काय करायचं?

गेल्या मार्गशीर्षात एका साखरपुड्याच्या मेकअपला गेले होते. मरून रंगाची लिक्विड लिपस्टिक काढली, कांडी ओढली, रंग लोण्यासारखा पसरला. मला जरा नवल वाटलं, कारण आठवड्यापूर्वी हीच नळी पाकाला यावी तशी तार धरत होती. लगबगीत विचार केला नाही. अंगठ्या घालून होईतो तो मरून रंग मुलीच्या हनुवटीकडे निघाला होता. नंतर कळलं, माझ्या हाताखालच्या मुलीनं भल्या मनानं त्या नळीत खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले होते.

नळी घट्ट झाली की तेल घाला, गुलाबजल घाला, गरम पाण्यात बुडवा, असे सल्ले प्रत्येक लग्नसराईत ऐकू येतात. नळी तीन महिन्यांची, अर्ध्याहून जास्त भरलेली, आणि आतला माल शिऱ्यासारखा. मग कंपनीला शिव्या. कधी कधी त्या रास्तही असतात. पण बहुतेक वेळा माल नासलेला नसतो. त्यातली एक वस्तू फक्त उडून गेलेली असते. ती कोणती, कुठून गेली आणि तिच्या जागी काय चालतं, एवढं समजलं की बऱ्याच नळ्या वाचतात.

आधी यादी वाचा

खोक्याच्या मागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी काढा. जास्त प्रमाणातला घटक आधी, कमीचा नंतर, असा तिचा क्रम असतो. न पुसणाऱ्या मॅट लिपस्टिकमध्ये पहिलं नाव बहुधा ‘आयसोडोडेकेन’ असतं. त्याच्या मागोमाग ‘ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट’ असं जिभेची परीक्षा घेणारं नाव दिसेल. पुढे मेण, घट्टपणा आणणारी माती किंवा सिलिका, आणि शेवटी रंग. यादीत आयसोडोडेकेन नसेल आणि पाणी किंवा एरंडेल वर असेल, तर तुमची लिपस्टिक वेगळ्या जातीची आहे आणि खालचं बरंचसं तिला लागू नाही.

आयसोडोडेकेन म्हणजे १२ कार्बन आणि २६ हायड्रोजन असलेला, पाण्यासारखा पातळ, जवळजवळ बिनवासाचा द्रव. पाण्यापेक्षा हलका: एक लिटरचं वजन साधारण पाऊण किलो. नावातला ‘आयसो’ सांगतो की कार्बनची साखळी सरळ नाही, तिला फांद्या फुटल्या आहेत. फरक या फांद्यांमुळेच पडतो. हेच सूत्र सरळ साखळीत मांडलं तर होणारं डोडेकेन २१६ अंश सेल्सिअसला उकळतं. फांद्या असलेलं १८० अंशांच्या आसपासच उकळतं. फांदीवाले रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत, त्यामुळे लवकर सुटतात आणि बोटालाही तेलकट लागत नाहीत.

१८० अंश ऐकून ‘मग घरात ते उडेल कसं’ असं वाटतं. पण दोरीवरचे कपडे वाळायला पाणी उकळावं लागत नाही. आयसोडोडेकेनचंही तसंच. पातळ थर दिला की एखाददोन मिनिटांत ओठावरून निघून जातं. जाताना त्या लांब नावाच्या राळेचा आणि रंगाचा पापुद्रा ओठाला चिकटवून जातं. म्हणून रंग कपाला लागत नाही. याच कामासाठी ते वॉटरप्रूफ मस्कारा, जेल काजळ, काही फाउंडेशन, प्रायमर आणि केसांच्या सीरममध्येही असतं.

अलीकडे ते जास्त दिसतं, त्याला एक बाहेरचं कारणही आहे. हे काम पूर्वी डी५ नावाचं उडणारं सिलिकॉन (यादीत सायक्लोपेंटासिलॉक्सेन) सर्रास करायचं. ते निसर्गात लवकर मोडत नाही म्हणून युरोपीय संघानं धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्याला ३१ जानेवारी २०२० पासून ०.१ टक्क्याची वेस घातली. लावून ठेवायच्या प्रसाधनांवर तीच वेस जून २०२७ पासून येते आहे. युरोपात माल विकायचा तर नवी पाककृती करावीच लागते, आणि नव्या पाककृतीत आयसोडोडेकेनला जागा मिळते.

तीन दुखणी, एकच लक्षण

कांडी घट्ट आली म्हणजे आयसोडोडेकेन उडालंच, असं नाही. मी तीन गोष्टी तपासते, आणि सोपी आधी.

पहिली थंडी. नाशिक-महाबळेश्वरकडे डिसेंबरात सकाळी सहाला मेकअप करायचा तर सगळ्याच नळ्या रुसलेल्या असतात, कारण आतलं मेण आखडतं. नळी दहा मिनिटं मुठीत किंवा खिशात ठेवा. सैल झाली तर काही बिघडलेलं नाही. गरम पाण्याचा ग्लास नको आणि हेअर ड्रायर तर नकोच. ऊब वाढली की आतली वाफ वाढते, सैल झाकणातून बाहेर पडते, आणि वाचवायला घेतलेली नळी त्या खटाटोपातच आणखी सुकते.

दुसरी गोष्ट गाळ. आयसोडोडेकेन पाण्याहून हलकं, तर पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट आणि लाल-तपकिरी छटांतलं लोहाचं ऑक्साइड जवळपास पाचपट जड. आतली माती त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न करते, पण नळी दोन महिने एकाच जागी उभी राहिली की जड ते तळाला आणि पातळ ते वर. मग सुरुवातीला कांडीवर फिकं पाणीदार काहीतरी येतं. आपण ते वापरून संपवतो आणि तळाशी चिखल उरतो. बाई म्हणते ‘सुकली’. वास्तविक तिनं वरचं द्रावण तिच्या नकळत आधीच संपवलेलं असतं. म्हणून फिकटपणा दिसला त्याच दिवशी मिसळायचं. नळी आडवी करून दोन तळहातांत धरायची आणि ताक घुसळायच्या रवीसारखी मिनिट-दोन मिनिटं फिरवायची. जोरजोरात हलवू नका, हवा शिरते आणि बुडबुडे पुढे ओठावर उमटतात. स्वच्छ धुऊन वाळवलेला एखादा छोटा स्टीलचा मणी आत सोडला तर काम झटपट होतं. नेलपेंटच्या बाटलीत खुळखुळतात तसलाच मणी.

तिसरं दुखणं खरं: द्रावक उडून गेलंय. याचा पुरावा काट्यावर मिळतो. सोनं-चांदी तोलायचे छोटे इलेक्ट्रॉनिक काटे आता स्वस्तात मिळतात. त्यावर बंद नळी तोला, आकडा नळीवरच चिकटपट्टीवर लिहा, आणि पंधरा दिवस तिला हात लावू नका. पुन्हा तोला. न वापरता वजन उतरलं असेल तर झाकण गळतंय. मेण उडत नाही, रंग उडत नाही, राळ उडत नाही. गेलं ते आयसोडोडेकेनच. वजन जसंच्या तसं असेल, तर गळती फक्त तुमच्या हाताळण्यातून होते आहे. इलाज दोन्हीचा वेगळा, म्हणून हा खटाटोप.

गळती कुठून होते

नळीच्या गळ्यात आतून प्लास्टिकची एक रिंग असते, कांडीवरचा जादा रंग निपटून काढणारी. कांडी बाहेर येताना रंगाचा थोडा वाटा या रिंगेवर आणि बाहेरच्या आट्यांवर राहतो. तो सुकून त्याचा खरपुडा होतो. पुढच्या वेळी झाकण फिरवलं की ते या खरपुड्यावर टेकतं आणि आपल्याला वाटतं घट्ट बसलं. केसाएवढी फट राहते, आणि वाफेला तेवढी पुरते.

मी बघितलेल्या दहातल्या सात-आठ ‘खराब’ नळ्यांचं दुखणं एवढंच होतं. (हा माझा अंदाज आहे, मी काही मोजदाद ठेवलेली नाही.) उपायही साधा. प्रत्येक वापरानंतर आट्या कोरड्या टिश्यूनं पुसायच्या. खरपुडा आधीच जमला असेल तर तेलकट मेकअप रिमूव्हरमध्ये कापसाची काडी जराशी ओली करून बाहेरच्या आट्या पुसायच्या, मग कोरड्या टिश्यूनं तो तेलकटपणा पूर्ण काढायचा. काडी गळ्याच्या आत घालायची नाही. एक थेंब आत गेला तरी माझ्या साखरपुड्याची गोष्ट तुमच्याकडे घडेल.

हाताळण्यातली गळती दोन सवयींतून होते. एक, कांडी नळीत वर-खाली पंपासारखी मारणं. प्रत्येक फेऱ्यात वाफेनं भरलेली हवा बाहेर जाते आणि कोरडी हवा आत येते, मग ती हवा स्वतःची तहान आतल्या द्रावकावर भागवते. कांडी आतच गोल फिरवून सरळ बाहेर काढा. दुसरी सवय आम्हा मेकअपवाल्यांची: एका ओठाचं काम होईपर्यंत नळी उघडी ठेवायची, मध्येच फोन घ्यायचा, नवरीच्या मावशीला पदर लावून द्यायचा. हवं तेवढं स्टीलच्या पट्टीवर काढून घ्या, झाकण लगेच लावा, आणि पट्टीवरून ब्रशनं लावा. एकाच कांडीनं दोन बायकांचे ओठ रंगवायचे नाहीत, हे तर स्वच्छतेसाठीही पाळायला हवं.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि बंद गाडीत त्याहून बराच वर जातो. मेकअपची पेटी डिकीत ठेवून जेवायला बसलात, तर परत येईपर्यंत झाकणांवर आतून दाब आलेला असतो. पेटी बरोबर घ्या. फ्रिजमध्येही ठेवायचं कारण नाही. घरातलं सावलीचं कपाट पुरतं. नळ्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर गाळ बसायचा त्रास कमी होतो हे खरं, पण रंग सतत गळ्याशी राहतो आणि पुन्हा तो खरपुडा.

घरगुती उपाय का फसतात

द्रावकाला इथे दोन कामं आहेत. राळ विरघळवून ठेवायची, आणि वेळ आली की निघून जायचं. घरातला कुठलाच पदार्थ ही दोन्ही कामं करत नाही.

पाणी, गुलाबजल, मायसेलर वॉटर यांत राळ विरघळतच नाही. रंगाच्या गुठळ्या होतात, पाणी बाजूला बसतं. शिवाय ही प्रसाधनं बिनपाण्याची असल्यामुळे त्यांत जंतूंना रोखायची तजवीज बेताचीच असते. तुम्ही पाणी घालून जंतूंची सोय करून देता.

खोबरेल, बदाम, बेबी ऑइल यांनी माल मऊ होतो, म्हणून हा उपाय पटतो. पण तेल उडत नाही. ते ओठावरच राहतं आणि पापुद्रा धरूच देत नाही. लावताना झकास, अर्ध्या तासानं हनुवटी.

नेलपेंट रिमूव्हर, थिनर, सॅनिटायझर, अत्तर यांतलं काहीही ओठाजवळ आणायचं नाही. असा सल्ला देणाऱ्यानं तो आधी स्वतःच्या ओठावर करून बघावा.

राहिलं खुद्द आयसोडोडेकेन. साबण-क्रीम घरी बनवणाऱ्यांना कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत ते कॉस्मेटिक ग्रेडचं, छोट्या बाटलीत मिळतं. यादीत पहिलं नाव त्याचंच असेल, नळी मुदतीत असेल आणि वास बदललेला नसेल, तर ५ मिलीच्या नळीत ड्रॉपरनं दोन थेंब घाला. रवीसारखी फिरवा आणि रात्रभर ठेवा. राळ आणि माती पुन्हा सैल व्हायला वेळ घेतात, लगेच फरक दिसत नाही म्हणून आणखी ओतत बसू नका. सकाळी पाहा, कमी वाटलं तर आणखी दोन. सहा थेंबांनीही सुधारली नाही तर नाद सोडा. जास्त झालं तर रंग पातळ होतो, कडेच्या रेषांत पसरतो, आणि मग झाकण उघडं ठेवून ते उडवत बसायची वेळ येते. तीही माझ्यावर आली आहे.

हा उद्योग स्वतःच्या नळीपुरता. पैसे देणाऱ्या नवरीच्या ओठांवर मी अशी जुळवलेली लिपस्टिक वापरत नाही. तिला काही झालं तर जबाबदार मी, कंपनी नाही.

बाटलीबद्दल दोन गोष्टी गंभीरपणे सांगते. हा द्रव पेट घेतो; साधारण ४५ अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगीनं पेटण्याइतकी होते. लग्नघरात समई, उदबत्ती, होम सगळं जवळपास असतं, तिथे ही बाटली न्यायचीच नाही. दुसरं, ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. इतका पातळ तेलासारखा द्रव गिळताना किंवा उलटीबरोबर फुप्फुसात उतरू शकतो, आणि धोका तिथे आहे. कुणी प्यायलंच तर ओकारी काढायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बाटलीवर ठळक नाव लिहा. पाण्याच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका.

नळी ठीक, पण ओठावर पापुद्रे सुटतात

ही तक्रार वेगळी, पण मूळ तेच. पहिला थर वाळला, रंग कमी वाटला, वरून दुसरा दिला. त्या दुसऱ्या थरात ताजं आयसोडोडेकेन आहे, आणि ते खालचा वाळलेला पापुद्रा पुन्हा विरघळवायला लागतं. खालचा अर्धवट सुटतो, वरचा त्यावर घसरतो, आणि ओठाच्या मधोमध गोळ्या जमतात. म्हणून रंग गडद हवा असेल तर पहिला थर ओला असतानाच पुरता करून घ्या. संध्याकाळी पुन्हा लावायचा असेल तर आधीचा पूर्ण काढा, मगच नवा.

थर जाड दिला तरी तेच. वरचा भाग आधी वाळतो, आतला ओला राहतो, आणि हसलं की भेगा. लावल्यावर मिनिटभर ओठ मिटायचे नाहीत. नवरीला मी मनातल्या मनात साठ आकडे मोजायला लावते. फोटोवाला तेवढ्यात ‘स्माइल’ म्हणतोच, त्याला आधी बाहेर काढायचं.

खाली लिप बाम लावलेला असेल तर पापुद्र्याला धरायला जागाच मिळत नाही. बाम अर्धा तास आधी लावा आणि लिपस्टिकच्या वेळी टिश्यूनं टिपून घ्या. ओठ कोरडे पडतात याचा दोष लोक आयसोडोडेकेनला देतात. माझ्या मते त्यातला थोडाच त्याचा. ते तर कधीच उडून गेलेलं असतं. मागे उरलेला कडक पापुद्रा ओठाबरोबर ताणला जात नाही, आणि खाली मऊ ठेवणारं काही नसतं, म्हणून ओढ बसते.

आणि जेवण. ही राळ पाण्याला दाद देत नाही, चहा-सरबताला नाही, पण तेला-तुपापुढे हार खाते. नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवायचा, त्यात तुपानं माखलेली पुरणपोळी किंवा आमच्याकडच्या तांबड्या रश्श्याचा कट. ओठाच्या आतल्या कडेनं रंग जाणारच. कंपनीनं ‘१६ तास’ लिहिलं असलं तरी त्यात तूप धरलेलं नसावं. मी नवरीच्या करवलीकडे एक छोटी डबी देते: तेल लावलेला कापूस, कोरडे टिश्यू आणि पट्टीवर पुरेल इतका रंग. पंगतीनंतर आधी तेलानं पुसायचं, मग कोरडं, मग नवा थर. साबणानं हा रंग निघत नाही, घासून ओठ सोलतात फक्त. जे तेल नळीत घालायचं नाही, तेच काढताना कामाचं.

काजळ आणि मस्कारा

फिरवून वर येणाऱ्या जेल काजळाच्या कांडीत हेच द्रावक असेल तर टोपण ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. आवाज येत नसेल तर टोपणाच्या आत रंग साचलाय, तो काडीनं काढा. टोक वाळलं असेल तर ते टिश्यूवर दोनदा घासून काढून टाका, खाली मऊ मिळतं. कांडी एकदा पूर्ण सुकली की ती परत आणता येत नाही. डोळ्याच्या वस्तूत मी कुठलंही द्रावक घालत नाही, मस्काऱ्यात तर नाहीच. त्याच्या खोक्यावर उघड्या डबीचं चित्र असतं आणि त्यात महिने लिहिलेले असतात. तेवढे भरले की फेकून द्यायचा, मग आत कितीही शिल्लक दिसो.